देवमाशाचा घोटा

उत्क्रांतीवर गप्पा सुरू झाल्या की एक प्रश्न हमखास येतो. "ते सगळं ठीक आहे हो, पण प्रत्यक्ष कोणी पाहिलंय का?" त्याच्या पाठोपाठ दुसरा: "मग मधले प्राणी कुठे गेले? दाखवा ना एखादा."

प्रश्न वाईट नाहीत, उलट चांगलेच आहेत. गोची अशी होते की समोरचा लगेच माकड आणि माणसावर येतो. तिथे अहंकार मध्ये येतो, धर्म येतो, आजोबांचा अपमान येतो आणि मुद्दा बाजूला राहतो. म्हणून आज माणसाला सुट्टी देऊ. आज देवमाशाची गोष्ट. त्याचे आजोबा कोण होते याबद्दल कोणाच्या भावना दुखावत नाहीत, आणि पुराव्यांचं म्हणाल तर इतकी व्यवस्थित मांडलेली केस क्वचितच सापडेल. शिवाय यातले कळीचे बरेच पुरावे सापडले ते आपल्या उपखंडात. पाकिस्तानात, कच्छमध्ये आणि काश्मीरमध्ये.

आधी नावापासून. आपण म्हणतो देव'मासा', पण तो मासा नाही. हवेत श्वास घेतो, पिल्लांना दूध पाजतो, रक्त गरम. हे ॲरिस्टॉटललाही माहीत होतं. लिनियसने मात्र त्याला आधी माशांतच टाकलं होतं, १७५८ च्या आवृत्तीत सस्तन प्राण्यांत आणलं. तरी लोकांना पटलं असं समजू नका. १८१८ साली न्यूयॉर्कमध्ये चक्क खटला झाला. माशाच्या तेलाची तपासणी करून त्यावर शुल्क घ्यायचा कायदा होता आणि एक व्यापारी म्हणाला, माझं तेल देवमाशाचं आहे, देवमासा मासाच नाही, मी कशाला पैसे भरू? शास्त्रज्ञाची साक्ष झाली, सगळं झालं आणि ज्युरीने निकाल दिला की देवमासा हा मासाच! :-)

आता सस्तन प्राणी म्हटल्यावर पुढचा प्रश्न येतो. सस्तन प्राणी जमिनीवरचे. मग हा पाण्यात कसा गेला? त्याचे नातेवाईक कोण?

डार्विनने १८५९ मध्ये एक अंदाज करून पाहिला. उत्तर अमेरिकेत एक काळं अस्वल तासन्‌तास तोंड उघडं ठेवून पोहत, पाण्यातले किडे गोळा करताना कोणीतरी पाहिलं होतं. डार्विन म्हणाला की अशा अस्वलांची जात हळूहळू अधिकाधिक पाण्यात राहायला लागून देवमाशासारखी होणं मला अशक्य वाटत नाही. यावर त्याची एवढी टिंगल झाली की पुढच्या आवृत्तीत त्याने ते कापून टाकलं. अस्वलाचा अंदाज चुकीचाच होता. पण त्याच्याकडे तेव्हा दाखवायला काहीही नव्हतं, हेही खरं.

१८८३ मध्ये विल्यम फ्लॉवर नावाच्या इंग्रज शरीररचनातज्ज्ञाने सुचवलं की देवमाशाचं नातं खुरवाल्या प्राण्यांशी असावं. म्हणजे गाय, डुक्कर, हरीण या मंडळींशी. ऐकायला अस्वलापेक्षाही विचित्र. पण फ्लॉवरने अवयवांची तुलना करून म्हटलं होतं. १९५० मध्ये बॉयडन आणि जेमेरॉय या दोघांनी रक्तातली प्रथिनं वेगवेगळ्या प्राण्यांशी ताडून पाहिली, तर देवमासा सर्वांत जवळ गेला तो समखुरी प्राण्यांच्या. समखुरी म्हणजे ज्यांच्या पायाला दोन किंवा चार खुरं असतात ते. गाय, शेळी, उंट, डुक्कर, हरीण आणि पाणघोडा.

जीवाश्मवाल्यांना हे पटत नव्हतं. १९६६ मध्ये ली व्हॅन व्हॅलेनने वेगळी बाजू मांडली. मेसोनिकिड नावाचे, नामशेष झालेले, लांडग्यासारखे दिसणारे पण पायाला खुरं असलेले मांसाहारी प्राणी होते. त्यांचे त्रिकोणी दात आणि प्राचीन देवमाशांचे दात जवळजवळ सारखे. दात हा जीवाश्मवाल्यांचा हुकमी पुरावा, कारण दात टिकतात. पुढची तीसेक वर्षं पुस्तकांत मेसोनिकिड हाच देवमाशाचा पूर्वज म्हणून छापला गेला.

म्हणजे दोन गट. एक म्हणतो रेणू बघा, दुसरा म्हणतो हाडं बघा. दोघांची उत्तरं वेगळी. इथपर्यंत आलेला एखादा म्हणेल, बघा, यांचं यांच्यातच एकमत नाही! थांबा जरा. इथून खरी मजा आहे.

मधल्या काळात मधले प्राणी सापडायला लागले होते. ते आपल्याच बाजूला का सापडले याला कारण आहे. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी भारताचा तुकडा आशियाला येऊन भिडत होता आणि मधला टेथिस समुद्र आक्रसत चालला होता. किनाऱ्याला उथळ, कोमट पाणी, खाड्या, नद्यांची मुखं. पोट भरायला उत्तम जागा. नंतर तोच गाळ दगड होऊन वर उचलला गेला.

१९८१ मध्ये फिलिप गिंजरिच आणि डोनाल्ड रसेल यांनी पाकिस्तानात सापडलेल्या एका कवटीचं वर्णन केलं आणि नाव ठेवलं पाकिसेटस. वय सुमारे ४.९ कोटी वर्षं. हा देवमासाच कशावरून? कानावरून. देवमाशांच्या मधल्या कानाला झाकणाऱ्या हाडाची आतली कड विलक्षण जाड असते, इतर सस्तन प्राण्यांत तशी नसते. पाकिसेटसमध्ये ती होती. गंमत म्हणजे तेव्हा फक्त कवटी होती, त्यामुळे १९८३ मध्ये 'सायन्स'च्या मुखपृष्ठावर त्याचं चित्र आलं ते पाण्यात सूर मारणाऱ्या प्राण्याचं. पुढे बाकीची हाडं मिळाली तेव्हा कळलं की बुवा चार पायांवर नीट चालणारे होते. आकार साधारण लांडग्याएवढा, डोळे मगरीसारखे डोक्याच्या वरच्या बाजूला. जीवाश्म मिळाले तेही नदीनाल्यांच्या गाळात. म्हणजे पाण्यात उतरून दबा धरून बसणारा प्राणी. चित्र चुकलं होतं, दुरुस्त झालं.

१९९४ मध्ये हान्स थेविसन, तसीर हुसेन आणि मोहम्मद आरिफ यांनी पाकिस्तानातल्याच काला चिट्टा टेकड्यांमधला ॲम्ब्युलोसेटस जाहीर केला. नावाचाच अर्थ 'चालणारा देवमासा'. तीनेक मीटर लांब, मगरीसारखी ठेवण, मागचे पाय मोठे, वल्ह्यासारखे. जमिनीवर चालेल आणि पाण्यातही पोहेल. "मधला प्राणी दाखवा" म्हणणाऱ्याला याहून मधला काय दाखवणार? त्याच वर्षी गिंजरिच यांच्या गटाने रोडोसेटसही आणला, म्हणजे आणखी थोडा पाण्याकडे सरकलेला.

आपल्या कच्छमध्ये तर हे काम आधीच सुरू झालं होतं. अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी १९७० च्या दशकातच कच्छच्या खडकांतल्या प्राचीन देवमाशांची वर्णनं छापली. तिथल्या हरुडी गावाचं नाव एका जातीच्या शास्त्रीय नावात कायमचं जाऊन बसलं आहे. पुढे सुनील बाजपेयी आणि थेविसन यांनी २००० साली कचिसेटस जाहीर केला. हा पाणमांजरासारखा, लांब शेपटीचा, आखूड पायांचा, त्या काळच्या देवमाशांतला अगदी छोटा गडी. रणात मीठ आणि फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्या पब्लिकला सांगा कधीतरी, की पायाखाली देवमाशांचं गाव आहे.

आणि पाय अगदी संपत आलेला नमुना? तोही आहे, इजिप्तमध्ये. बॅसिलोसॉरस नावाचा १५ मीटरच्या वरचा प्राणी. १८३४ मध्ये हार्लनने अमेरिकेतली हाडं बघून त्याला सरडा समजून नाव दिलं, नावाचा अर्थच 'सरड्यांचा राजा'. पाच वर्षांनी रिचर्ड ओवेनने दात बघून सांगितलं की हा सस्तन आहे. पण नियमाप्रमाणे पहिलं नाव बदलत नाही. (कोडमध्ये पहिल्या दिवशी दिलेलं चुकीचं नाव जसं जन्मभर चिकटतं तसंच.) कैरोच्या नैर्ऋत्येला वाळवंटात वादी अल हितान, म्हणजे 'देवमाशांची दरी', आहे. तिथे गिंजरिच यांना या प्राण्याचे मागचे पाय मिळाले. १९९० मध्ये ते जाहीर झाले. मांडीचं हाड, गुडघ्याची वाटी, नडगी, बोटं, सगळं जागच्या जागी. फक्त अख्खा पाय दोन फुटांच्या आसपास. एवढ्या धुडाला त्यावर उभं राहणं शक्यच नाही. वय सुमारे ३.७ कोटी वर्षं.

म्हणजे साधारण सव्वा कोटी वर्षांत चालणाऱ्या लांडग्याएवढ्या प्राण्यापासून पाय नावालाच उरलेल्या समुद्री प्राण्यापर्यंत. पायऱ्या ओळीने. पण आपला वाद अजून मिटलेला नाही: मेसोनिकिड की समखुरी?

रेणूवाल्यांनी १९९० च्या दशकात एक जबरदस्त हत्यार काढलं. हे आपल्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांना चटकन कळेल. प्राण्यांच्या डीएनएमध्ये काही छोटे तुकडे असतात, काहीशे अक्षरांचे, जे स्वतःची कॉपी काढून दुसरीकडे कुठेतरी पेस्ट करतात. त्यांना 'साइन' म्हणतात. एकदा बसला की नेमका तेवढाच तुकडा सहसा निघून जात नाही, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहतो. जीनोम अब्जावधी अक्षरांचा. त्यात दोन वेगळ्या प्राण्यांत नेमक्या त्याच जागी तोच तुकडा योगायोगाने येऊन बसणं जवळजवळ अशक्य.

कल्पना करा, दोन कंपन्यांची दोन सॉफ्टवेअर आहेत. दोघे म्हणतात आम्ही स्वतंत्रपणे लिहिलं. दोन्हींत एकसारखी फंक्शन असणं समजू शकतं, काम सारखं असेल तर कोडही सारखं येईल. पण अमुक फाइलच्या अमुक ओळीनंतर, कोणीतरी टाकून विसरलेला तोच निरुपयोगी तुकडा, त्याच स्पेलिंगच्या चुकीसकट दोन्हीकडे असेल तर? मग कोर्टात जायचीही गरज नाही. दोघांचं मूळ एक. नातं सिद्ध होतं ते चांगल्या कोडवरून नाही, कचऱ्यावरून!

टोकियोत नोरिहिरो ओकादा यांच्या गटाने १९९७ आणि १९९९ मध्ये हेच तपासलं. देवमासे समखुरी गोतावळ्याच्या अगदी आत निघाले, आणि सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक निघाला पाणघोडा, म्हणजे हिप्पो. गाय आणि देवमासा यांच्यात सामाईक तुकडे आहेत जे उंटात नाहीत. हिप्पो आणि देवमासा यांच्यात सामाईक आहेत जे गायीत नाहीत. एकात एक घातलेल्या डब्यांसारखी रचना. वंशावळ असेल तर नेमकं असंच दिसायला हवं.

आता चेंडू हाडवाल्यांच्या कोर्टात. आणि इथे येतो घोटा.

समखुरी प्राण्यांच्या घोट्यात एक हाड असतं ज्याला वर आणि खाली अशा दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असते. दुहेरी कप्पी. मटणाच्या दुकानात टांगलेल्या बोकडाच्या मागच्या पायात, गुडघ्याच्या खाली जो उलटा वाकणारा सांधा दिसतो ना, तिथलं हे हाड. जुन्या काळी मेंढीचं हे हाड फाशासारखं खेळायला वापरत. इतर सस्तन प्राण्यांत वरची कप्पी असते, खालची नसते. मेसोनिकिडमध्येही नव्हती. म्हणजे प्रश्न अगदी नेमका झाला. आजच्या देवमाशाला घोटाच नाही, तेव्हा पाय असलेल्या प्राचीन देवमाशाचा धड घोटा शोधा. खालची कप्पी नसेल तर रेणूवाले तोंडावर आपटले. असेल तर मेसोनिकिडवाले.

सप्टेंबर २००१. 'नेचर'मध्ये थेविसन यांच्या गटाचा लेख, पाकिसेटसचा सांगाडा घेऊन. 'सायन्स'मध्ये एका दिवसाच्या अंतराने गिंजरिच यांच्या गटाचा लेख, बलुचिस्तानातले दोन वेगळेच प्राचीन देवमासे घेऊन. दोन गट, वेगळे प्राणी, वेगळे खडक. दोन्हीकडे घोटा सापडला होता, आणि दोन्हीकडे दुहेरी कप्पी.

गिंजरिच स्वतः इतकी वर्षं मेसोनिकिडच्या बाजूचे होते. स्वतःच्या हाताने शोधलेल्या हाडाने त्यांचं मत खोडलं, आणि त्यांनी ते स्वतःच छापलं. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. आपल्याकडे डिझाइन रिव्ह्यूमध्ये कोणी एवढ्या सहजपणे मागे येताना पाहिलाय का? :-)

एक उपकथा राहिली, काश्मीरची. ए. रंगा राव नावाच्या भारतीय भूशास्त्रज्ञाने राजौरी जिल्ह्यात कालाकोटजवळ जीवाश्म असलेले दगड गोळा केले होते. त्यातल्या एका प्राण्याला त्यांनी १९७१ मध्ये इंडोहायस असं नाव दिलं. पण बरेचसे दगड फोडायचे राहूनच गेले आणि रंगा राव वारले. त्यांच्या पत्नी फ्रीडलिंडे ओबरगफेल याही या विषयातल्याच. त्यांनी ते दगड जपून ठेवले आणि शेवटी थेविसन यांच्या हवाली केले. साफ करताना एक कवटी चुकून तुटली आणि आतला कान दिसला. हाडाची आतली कड जाड, देवमाशाची असते तश्शी!

२००७ मध्ये हे जाहीर झालं. इंडोहायस हा छोटा, हरणासारखा, समखुरी प्राणी. आपल्या सह्याद्रीत पिसोरी हरीण आहे ना, तशा चणीचा. पायाची हाडं मात्र पाण्यात चालणाऱ्या प्राण्यांसारखी जाड आणि जड, म्हणजे पाण्याच्या तळाशी पाय टेकून राहायला सोयीची. दातांतलं ऑक्सिजनचं प्रमाणही पाण्यात वेळ घालवणाऱ्याचं. आफ्रिकेतलं पिसोरीचं भावंड आजही धोका दिसला की पाण्यात बुडी मारून बसतं, त्यावरून अंदाज येईल. इंडोहायसचं वय ४.८ कोटी वर्षं, म्हणजे तो पाकिसेटसचा आजोबा नव्हे. चुलत घराण्यातला. पण आजोबा कसे दिसत असतील ते चुलत घरावरून कळतंच की. आणि त्या अख्ख्या घराण्याचं शास्त्रीय नावच रावांच्या नावावरून पडलेलं आहे: राओएलिडी.

हाडांचं झालं. आता आजच्या जिवंत देवमाशाकडे वळू. तो पोहताना शेपूट वर-खाली हलवतो. मासे डावी-उजवीकडे हलवतात. पाठीचा कणा वर-खाली वाकवणं ही धावणाऱ्या चतुष्पाद सस्तनाची सवय. कुत्रा पळताना बघा. डॉल्फिनच्या गर्भाला चौथ्या आठवड्याच्या सुमारास मागच्या पायांचे कोंब फुटतात आणि थोड्याच दिवसांत जिरून जातात. नाकपुड्या आधी तोंडाच्या टोकाशी असतात, मग सरकत डोक्यावर जातात. दात नसलेल्या, झालर लावून अन्न गाळणाऱ्या देवमाशांच्या गर्भात दात यायला लागतात आणि जन्माआधी विरघळतात. त्यांच्या डीएनएत दातांचं एनॅमल बनवायची जनुकं आहेत, पण सगळी मोडकी. त्यातल्या एका जनुकात तर एक 'साइन' तुकडा घुसून बसलाय आणि तो झालरवाल्या सगळ्या जिवंत देवमाशांत त्याच जागी आहे. म्हणजे त्यांच्या सामाईक पूर्वजातच ते मोडलं. कमेंट करून ठेवलेला जुना कोड म्हणतात तो हाच. हटवला कोणी नाही, चालत मात्र नाही.

आता माणसाला थोडा वेळ आत घेऊ. आपल्याला क जीवनसत्त्व लिंबातून, आवळ्यातून घ्यावं लागतं. बहुतेक सस्तन प्राणी ते स्वतः बनवतात. त्यासाठी लागणारं जनुक आपल्यातही आहे, पण मोडकं. चिंपांझी, गोरिला आणि माकडं यांच्यातही ते तसंच मोडकं आहे. गिनीपिगमध्येही ते मोडलंय, पण वेगळ्या प्रकारे, स्वतंत्रपणे. पुन्हा तेच: नातं कळतं ते सामाईक चुकांवरून.

हे सगळं लिहायचं कारण निव्वळ गंमत नाही. जानेवारी २०१८ मध्ये त्या वेळचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) म्हणाले की डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी सांगितलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींना एकत्र निवेदन काढावं लागलं. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. ओझं कमी करायचं हे कारण दिलं गेलं आणि बारावीत आहेच असंही सांगितलं गेलं. पण दहावीनंतर कॉमर्स, आर्ट्सला जाणाऱ्या पोरापोरींचं काय? आणि जीवशास्त्र सोडून थेट जेईईच्या मागे लागलेल्या आपल्यासारख्यांचं? त्यांच्यासाठी दहावी हीच शेवटची गाडी. आपल्या राज्य मंडळाचं दहावीचं पुस्तक २०१८ साली आलं, त्याच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' होता. हे बरं झालं.

"कोणी पाहिलंय?" याचं माझ्यापुरतं उत्तर असं. रात्री तीनला सर्व्हर पडतो तेव्हाही कोणी पाहिलेलं नसतं. सकाळी आपण लॉग बघतो, डेटाबेस बघतो, नेटवर्कवाल्यांना विचारतो. एकाच लॉगवर मी विश्वास ठेवणार नाही. पण एकमेकांशी संबंध नसलेल्या चार गोष्टी एकाच कारणाकडे बोट दाखवायला लागल्या, आणि त्यातल्या दोन आधी आपसात भांडत होत्या, तर मी म्हणेन सापडलं. देवमाशाच्या बाबतीत कान, घोटा, दात, गर्भ आणि डीएनए हे पाचही साक्षीदार वेगवेगळ्या गावचे आहेत. रक्तातल्या प्रथिनांनी १९५० मध्ये दिलेली साक्ष २००१ मध्ये बलुचिस्तानच्या दगडाने खरी केली. ती खोटीही ठरू शकली असती. तसं झालं असतं तर तेही छापून आलं असतं, याची मला खात्री आहे.

आणि रंगा रावांसारखे किती दगड अजून कुठल्या कुठल्या कपाटांत न फोडता पडून असतील, कोण जाणे. ते फोडायला कोणीतरी लागेल. त्या कोणीतरीने शाळेत हा धडा वाचलेला असला म्हणजे झालं.